छपराखालची वाट

उपग्रहांच्या साहाय्याने मार्ग दाखविणारा स्मार्टफोन मोठ्या इमारतीत शिरताच गोंधळतो. हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांचे क्षीण संदेश छप्पर व भिंती भेदून येताना जवळजवळ लोप पावतात. डोळस मनुष्य पाट्या वाचून वाट काढतो. दृष्टिहीनास मात्र पुष्कळदा कोणाचा तरी हात धरावा लागतो.

ही उणीव दूर करण्यात चिएको असाकावा या जपानी संशोधिकेचा मोठा वाटा आहे. पोहण्याच्या तलावात झालेल्या इजेमुळे वयाच्या १४व्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. आयबीएम कंपनी व अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठ येथील सहकाऱ्यांसह २०१५ साली त्यांनी ‘नॅवकॉग’ ही योजना लोकांपुढे ठेवली.

तिचे तत्त्व सोपे आहे. इमारतीत ठिकठिकाणी ब्लूटूथचे लहान प्रक्षेपक बसवितात. प्रक्षेपक जवळ असल्यास संदेश प्रबळ मिळतो, दूर असल्यास क्षीण. कोणत्या जागी कोणता संदेश किती प्रबळ असतो, याची नोंद आधीच केलेली असते. फोन आपले मोजमाप तिच्याशी ताडून पाहतो. शिवाय त्यातील संवेदक पावले व वळणे टिपतात. मग तो बोलून सांगतो, किती चालावयाचे व कोठे वळावयाचे.

तथापि गर्दीतील माणसांची शरीरेही हे संदेश शोषून घेतात. म्हणून एकदोन मीटरांची चूक संभवते, आणि जिन्याच्या कडेशी तेवढी चूकही घातक होय. यास्तव पांढरी काठी सोडून चालत नाही. दिशा फोन सांगतो. पुढचे पाऊल टाकावे की नाही, हे काठी सांगते.