डबा, सुई आणि अंधारं बाथरूम

पांडवलेण्यांखालच्या फाळके स्मारकात तुम्ही गेला असालच. पण १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी कोऱ्या फिल्मला अंधारात भोकं पाडायचं आणि ती धुवायचं काम सरस्वतीबाई फाळके करायच्या, हे माहितीये? म्हटलं, मग आपल्याला बाथरूममध्ये एक फोटो तरी धुता येईल!

कॅमेरा सोपा. १० सेंटिमीटर खोल पत्र्याचा डबा आतून काळा रंगवा. कोल्ड्रिंकच्या कॅनचा तुकडा घेऊन सुईच्या टोकाने ०.४ मिलिमीटरचं भोक पाडा आणि तो डब्याच्या मोठ्या भोकावर चिकटवा. वर काळी चिकटपट्टी, हेच शटर. समोर आत कृष्णधवल फोटोपेपर. त्याला लाल उजेड दिसत नाही, म्हणून रात्री लाल एलईडीत भरायचा.

माझे पहिले दोन पेपर काळेकुट्ट! मी वेळ कमी करत बसलो. शेवटी पट्टी न काढताच डबा उन्हात ठेवला, पेपर धुतला, तरी काळाच. बग सापडला: झाकणाची फट.

फट बुजवून रामकुंडावर गेलो. कडक ऊन, ४० सेकंद. घरी हातमोजे घालून, दार किलकिलं न करता, पंखा लावून आधी डेव्हलपर, मग पाणी, मग फिक्सर. निगेटिव्हचा फोनने फोटो काढून रंग उलटे केले. चालणारी माणसं गायब, पायऱ्या आणि देवळं तेवढी उरली.

तुम्हीही करा. फक्त बंद डब्याची टेस्ट आधी!