तपासलेली बालके आणि पोहोचलेली बालके

बाळाने मान केव्हा धरली, ते आधाराशिवाय केव्हा बसले, पहिले पाऊल केव्हा टाकले आणि पहिला अर्थपूर्ण शब्द केव्हा उच्चारला, यांना बालरोगशास्त्रात विकासाचे टप्पे म्हणतात. आणि हे टप्पे बहुसंख्य बालके ज्या वयात गाठतात त्यापेक्षा एखादे बालक लक्षणीय मागे राहिले, तर त्या अवस्थेला विकासविलंब असे नाव आहे. ‘बापावर गेला आहे, उशिरा बोलेल’ अशी समजूत घालून घरातली माणसे ज्या काळात वाट पाहतात, तोच काळ मेंदूच्या जडणघडणीचा असल्यामुळे, वरवर निरोगी दिसणाऱ्या सर्वच बालकांची ठरावीक वयात सोपी चाचणी घेऊन संशयित बालके वेगळी काढावीत, हा विचार पुढे आला. या चाळणी तपासणीतून निदान होत नाही, तर पुढील सविस्तर तपासणीची गरज कोणाला आहे एवढेच समजते. आणि तिचे मूल्यमापन करताना होणाऱ्या बहुतेक चुका हा भेद विसरल्यामुळे होतात.

भारतात हे काम मुख्यतः राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून चालते, आणि त्याचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातील पालघर येथे झाला. जन्मतःचे व्यंग, पोषणद्रव्यांची कमतरता, बालपणीचे आजार आणि विकासविलंब अशा चार गटांतील (सुरुवातीला ३०) आरोग्यस्थितींसाठी जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात अपेक्षित आहे. दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता यांचे फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा जाते, तर संशयित बालकाला जिल्हास्तरीय शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. बालरोगतज्ज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ, वाचा व श्रवणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक अशा अनेकांची सेवा एकाच छताखाली मिळावी, ही त्या केंद्रामागची कल्पना होय.

ही चाळणी प्रत्यक्षात कशी चालते, हे केरळमधील बाल विकास केंद्रात तयार झालेल्या त्रिवेंद्रम तक्त्यावरून चांगले कळते. दोन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठीच्या या तक्त्यात १७ कृती असून प्रत्येकीपुढे एक आडवी रेघ आहे. बालके ती कृती साधारण कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत करू लागतात, ते ही रेघ दाखवते. बालकाच्या वयाच्या महिन्यावर पेन्सिल उभी धरली की जी रेघ पूर्णपणे पेन्सिलीच्या डावीकडे राहते, ती कृती बालकाला यायला हवी. न आल्यास ते संशयित ठरते. अंगणवाडीताईलाही काही मिनिटांत जमेल अशी ही रीत आहे.

अशा साधनाची पारख दोन मापांनी होते. खरोखर मागे असलेल्यांपैकी किती जणांना ते पकडते ही त्याची संवेदनशीलता, आणि विकास ठीक असलेल्यांपैकी किती जणांना ते ठीक ठरवते ही त्याची विशिष्टता. त्रिवेंद्रम तक्त्याची ही मापे अनुक्रमे सुमारे ६७ आणि ७९ टक्के आढळली होती. या आकड्यांचा अर्थ लावण्यासाठी, १,००० बालकांत १०० जणांना विकासविलंब आहे असे गृहीत धरू. तक्ता त्यांतील ६७ जणांना पकडेल आणि ३३ जणांना सोडून देईल. उरलेल्या ९०० निरोगी बालकांपैकी सुमारे १९० जण मात्र उगाच संशयित ठरतील. म्हणजे पुढे पाठवलेल्या सुमारे २५७ बालकांत खरा विलंब चौघांपैकी जेमतेम एकालाच असेल. म्हणूनच केवळ संशयितांची संख्या वाढली याला यश म्हणता येत नाही, आणि एकदा ‘ठीक’ ठरलेले बालक पुन्हा तपासावेच लागते.

जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ मध्ये जे निकष मांडले, त्यांत निदानाची व उपचाराची सोय उपलब्ध असणे ही चाळणीची पूर्वअट मानली आहे. विकासविलंबाच्या बाबतीत मात्र जगात एकमत नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना ९, १८ आणि ३० महिन्यांना सर्वांची चाळणी सुचवते. उलट कॅनडाच्या तज्ज्ञगटाने २०१६ मध्ये, पालकांना किंवा डॉक्टरांना काहीही शंका नसलेल्या एक ते चार वर्षांच्या बालकांची सरसकट चाळणी करू नये, अशी शिफारस केली, कारण तिच्यामुळे बालकांचे पुढे भले होते याचा पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाही.

चाळणी उपयोगी ठरते की नाही, या प्रश्नाला बीड जिल्ह्यात आणखी एक पदर आहे, तो ऊसतोडीचा. मुकादमाकडून उचल घेतलेली हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात आणि कारखान्यांचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप हंगाम संपल्यावरच, परततात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणून मोजणाऱ्या या व्यवहारात सोबतचे तान्हे मूल कोठेच मोजले जात नाही. ऑगस्टच्या मध्यावर जन्मलेले बाळ नोव्हेंबरच्या आरंभी आईबरोबर निघाले आणि मार्चअखेर परतले, असे धरले तर त्याचे मान धरणे आणि बसू लागणे फडाशेजारच्या कोपीत घडते. आशा कार्यकर्तीने ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांना घरी भेट द्यावी, असे लहान बालकांच्या गृहआधारित काळजीचे वेळापत्रक सांगते; त्यांतील तिसऱ्या, सहाव्या आणि, कुटुंब पुढच्या हंगामात पुन्हा निघाले की, पंधराव्या महिन्याची भेट या घराला कुलूप असतानाच येते. अंगणवाडीतील पथकाची हिवाळ्यातील फेरीही त्याला चुकते.

त्यामुळे येथे टक्केवारी काढताना छेद कोणता घेतला, यावर सारे अवलंबून राहते. तपासणीच्या दिवशी गावात हजर असलेल्या बालकांशी तुलना केली तर काम जवळजवळ पूर्ण दिसेल. गावात जन्मलेल्या सर्व बालकांशी केली तर ज्यांना धोका अधिक तीच मुले गळालेली दिसतील. संशयित बालकाला पुढील तपासणीसाठी नेताना अंतराचीही अडचण आहेच. आष्टी तालुक्याच्या पश्चिम टोकाच्या गावांना बीडपेक्षा अहिल्यानगर जवळ पडते, तर परळी-अंबाजोगाईकडील पालकांना अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सोयीचे आहे. भौतिकोपचार किंवा वाचोपचार एका खेपेत आटोपत नाहीत, आणि दर खेपेला आईची एक दिवसाची मजुरी बुडते.

अशा जिल्ह्यात मूल्यमापन पायरीपायरीने व्हायला हवे: किती बालके जन्मली, त्यांतील किती तपासली गेली, किती संशयित ठरली, किती तज्ज्ञांपर्यंत पोहोचली, किती जणांचे निदान झाले आणि सहा महिन्यांनंतर किती जण उपचारात टिकून होते. स्थलांतरित लाभार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या राज्याच्या प्रणालीशी या नोंदी जोडल्या, निघण्यापूर्वी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आणि परतल्यावर एप्रिल-मेमध्ये फेऱ्या ठेवल्या आणि मधल्या काळात कारखान्याच्या परिसरातील आरोग्य केंद्राकडे बालकाची जबाबदारी सोपवली, तर या पायऱ्यांवरची गळती कमी होऊ शकते. कॅनडाच्या तज्ज्ञांना जो पुरावा सापडला नाही, तो बीडमध्ये मिळेल की नाही हे तपासणीच्या रकान्यातील आकड्यावरून नव्हे, तर शेवटच्या रकान्यात किती बालके उरली यावरून कळेल.