ओलाव्याने घट्ट होणारा थेंब

तुटलेल्या कपाचा कान जोडताना फेविक्विकचा थेंब कडेने ओघळतो आणि पुढच्याच क्षणी अंगठा व तर्जनी एकमेकांना सोडेनाशी होतात. अशा वेळी बहुतेक जण बोटांवर फुंकर मारतात. गोंद अजून वाळायचा आहे, तोवर काहीतरी करता येईल, असे वाटत असते. पण हा गोंद वाळून घट्ट होतच नाही. त्याला घट्ट करते ते पाणी, आणि तेही आपल्याच त्वचेतले! फुंकरीतला दमटपणा त्या कामाला हातभारच लावतो.

खळ, डिंक, सुताराचा पांढरा फेविकॉल या सगळ्यांतले पाणी उडून गेले की ते पकड घेतात. फेविक्विकमधल्या सायनोॲक्रिलेटचा मार्ग याच्या नेमका उलटा आहे. नळीत असतो तोवर तो सुट्या सुट्या रेणूंचा पातळ द्रव असतो. प्रत्येक रेणूत कार्बनच्या दोन अणूंमध्ये दुहेरी बंध असतो आणि त्याच्या शेजारी इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढणारे दोन गट असतात. या ओढाताणीमुळे तो बंध इतका हळवा झालेला असतो की पाण्यातला एखादा हायड्रॉक्साइड आयनही तो उघडू शकतो. उघडलेला रेणू शेजारच्याला धरतो, तो त्याच्या पुढच्याला, आणि काही सेकंदांत द्रवाचे टणक प्लास्टिक होते. नळीतच हे घडू नये म्हणून त्यात आम्लाचा किंचित अंश मिसळलेला असतो. बोटाला लागताच त्या अंशाचे काही चालत नाही, कारण बोटांची टोके घामाच्या ग्रंथींनी भरलेली असतात.

हा पदार्थ सापडला तोही नकोसा म्हणूनच. १९४२ मध्ये अमेरिकेत ईस्टमन कोडॅक कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ हॅरी कूव्हर बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. सायनोॲक्रिलेट प्रत्येक वस्तूला चिकटत असल्याने त्यांनी ते बाजूला सारले. १९५१ मध्ये टेनेसीमधल्या किंग्जपोर्ट इथे, जेट विमानाच्या छतासाठी उष्णता सोसणारे प्लास्टिक शोधताना, फ्रेड जॉयनर या सहकाऱ्याने त्याचा थर प्रकाशाचे वक्रीभवन मोजणाऱ्या उपकरणाच्या दोन लोलकांमध्ये पसरला. महागडे लोलक एकमेकांना चिकटून बसले ते निघेनातच. या वेळी मात्र कूव्हरना उमगले की हातात आले आहे ते प्लास्टिकपेक्षा मोलाचे आहे. १९५८ मध्ये हा गोंद ‘ईस्टमन ९१०’ या नावाने बाजारात आला.

त्वचेशी असलेले त्याचे सख्य पुढे अनेकांच्या कामी आले. व्हिएतनामच्या युद्धात जखमी सैनिकांचा रक्तस्राव आवरण्यासाठी त्याचा फवारा मारला जाई. १९९८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जखमेच्या कडा जोडायला त्याच घराण्यातल्या ऑक्टिल सायनोॲक्रिलेटला मंजुरी दिली. गुन्हे अन्वेषणात याच रसायनाची वाफ वस्तूवर सोडतात. ठशातल्या घामावर ती बसते, तिथेच तिचे प्लास्टिक बनते आणि न दिसणारा ठसा पांढऱ्या रेषांनी उमटतो. चिकटलेली बोटे आणि पकडला गेलेला चोर यांच्यामागची प्रक्रिया एकच आहे, हे मला फार विलक्षण वाटते. अर्थात, घरातला गोंद जखमेला लावू नये. त्यातला एथिल सायनोॲक्रिलेट घट्ट होताना उष्णता सोडतो आणि लवकर विघटित होऊन ऊतींना इजा करतो.

आता सुटका. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा पापुद्रा मृत पेशींचा असतो, साधारण १५ ते २० थरांचा. २ ते ४ आठवड्यांत तो सगळा झडून नवा येतो. म्हणजे हा गोंद कितीही जोरात पकडला, तरी त्याच्या मुठीत असते ते शरीराने टाकून द्यायला काढलेलेच! म्हणून काहीच केले नाही तरी तो काही दिवसांत आपोआप निघतो. ओढून काढले तर मात्र मृत थरासोबत जिवंत त्वचाही फाटते.

घाई असेल तर सुरुवात कोमट साबणपाण्याने करावी. हात त्यात बराच वेळ बुडवून ठेवला की मृत थर पाणी पिऊन फुगतो. त्यावरचे प्लास्टिक तेवढे ताणले जात नाही आणि कडा सुटू लागतात. या गोंदाची पकड सरळ ओढण्याला दाद देत नाही, पण कडेने सोलत गेले तर ढिली पडते. त्यामुळे चिकटलेली दोन बोटे खेचण्यापेक्षा मध्ये चमच्याचा गोल दांडा घालून तो हलके हलके फिरवत न्यावा.

एवढ्याने भागले नाही तर नेलपॉलिश रिमूव्हर. त्यावर ॲसिटोन आहे का ते वाचून घ्यावे, कारण काही रिमूव्हर त्याविना बनवलेले असतात. ॲसिटोन प्लास्टिकच्या साखळ्यांमध्ये शिरून त्यांना सैल करतो. काही मिनिटे थांबून थोडा थोडा लावत राहावे, घासत सुटू नये. तो चटकन पेट घेतो, म्हणून गॅसजवळ वापरू नये. त्वचेवरचे तेलही तो काढून घेतो, तेव्हा नंतर हात धुऊन खोबरेल तेल चोळावे. जखमेवर, ओठांवर, डोळ्यांजवळ आणि लहान मुलांच्या कोवळ्या त्वचेवर तो नकोच. ओठ चिकटले तर बाहेरून कोमट पाणी आणि आतून लाळ हळूहळू काम करतात.

एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. सांडलेला ताजा गोंद कापसाने किंवा सुती फडक्याने पुसू नये. सुती धाग्यांत तो इतक्या वेगाने घट्ट होतो की त्या उष्णतेने त्वचा भाजू शकते. कपड्यावर सांडला तर भरपूर थंड पाणी ओतावे, आणि कापड अंगाला चिकटले असेल तर ते ओढू नये.

इतर गोंदांचे प्रश्न सोपे आहेत, एक सोडून. फेविकॉल कोमट पाण्याने जातो. पंक्चरचे सोल्युशन किंवा फेविबाँडसारखा रबरी गोंद तेल लावून चोळला की वळकट्या होऊन निघतो. त्यासाठी पेट्रोल किंवा थिनर हाताला लावू नये. अवघड आहे तो ॲराल्डाइट, एम-सीलसारखा इपॉक्सी. तो ओला असतानाच साबणाने धुवावा. एकदा घट्ट झाला की त्याच्या साखळ्या एकमेकींत जाळ्यासारख्या गुंफल्या जातात आणि त्यांना सोडवणारे, त्वचेला सोसेल असे द्रावण नाही. तिथे जाड कातडीवर वजरीने हलके घासावे आणि बाकीचे काम पापुद्र्यावर सोपवावे.

डोळ्यांत सायनोॲक्रिलेट गेला तर यातला एकही उपाय करू नये. पापण्या ओढून उघडायच्या नाहीत. कोमट पाण्याने धुऊन, ओला कपडा ठेवून लगेच नेत्रतज्ज्ञाकडे जायचे. बहुतेकदा पापण्या १ ते ४ दिवसांत उघडतात, पण बुबुळाला इजा झाली आहे का ते डॉक्टरांनीच पाहायला हवे. घाईत डोळ्यांचे थेंब समजून गोंदाचाच थेंब घातल्याच्या घटना डॉक्टरांना ठाऊक आहेत. म्हणून एवढे नक्की करा: डोळ्यांच्या औषधाची बाटली आणि या गोंदाची नळी एका खणात कधीही ठेवू नका.