आकाशातला हमाल

एअर कंडिशनरच्या दुकानात शिरलं की विक्रेता विचारतो, 'एक टनाचा दाखवू की दीड टनाचा?' हा टन वजनाचा नव्हे. एक अमेरिकी टन, म्हणजे २,००० पौंड बर्फ चोवीस तासांत वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता तेवढ्याच वेळात खोलीबाहेर काढणारं यंत्र ते एक टनाचं. बर्फाच्या लाद्यांचा जमाना गेला, त्यांचं माप मात्र यंत्राला चिकटून राहिलं. मला शब्दांचं हे वागणं आवडतं. पण आज बोलायचं आहे ते खऱ्या वजनाबद्दल आणि ते छपरावर कसं चढतं याबद्दल.

अमेरिकेत दुकानांची संकुलं आणि गोदामं पुष्कळदा एकमजली, पण ऐसपैस पसरलेली असतात. थंड हवेची यंत्रं त्यांच्या सपाट छपरावर ठेवतात. दहा टनांच्या अशा एका पेटीचं वजन साधारण अर्धा टन भरतं. ती छपराच्या मधोमध ठेवायची तर क्रेन उभी राहणार इमारतीच्या कडेला, आणि क्रेनचा हात जितका लांब जाईल तितकी तिची उचलण्याची ताकद कमी होते. शहराच्या मध्यभागी उंच इमारत असेल तर अडचण वेगळी. तेवढी मोठी क्रेन उभी करायला रस्त्यावर जागाच नसते. मग हेलिकॉप्टर बोलावतात.

या कामात अनेक वर्षं दिसणारं एक यंत्र म्हणजे सिकॉर्स्की एस-५८. त्याचा मूळ आराखडा १९५०च्या दशकातला. पुढे त्याला टर्बाइन इंजिन बसवलं. ते साधारण दोन टन उचलतं. त्याहून जड ओझ्यासाठी स्कायक्रेन आहे. तिला पोटच नाही, नुसता कणा! पुढे पायलटांची खोली, वर पंखा आणि खाली मोकळी जागा. तिची ताकद नऊ टनांच्या पुढे जाते.

माझा भाचा शिकागोजवळ अशा कामांवर देखरेख करतो. त्याला फोनवर विचारलं, तर म्हणाला, "मामू, हेलिकॉप्टरचं काम तासा-दीड तासाचं. रस्ता रिकामा करण्याचं काम कित्येक आठवड्यांचं." ते का, हे त्याने सांगितलं तेव्हा मी कान टवकारले.

हेलिकॉप्टरच्या हुकातून ओझं तत्काळ सोडून देण्याची सोय पायलटच्या हाताशी असते. इंजिन बिघडलं, ओझं वेडंवाकडं झुलायला लागलं, तर ते टाकून यंत्र आणि माणूस वाचवायचा. म्हणजे खाली जो कोणी असेल त्याच्यावर ते पडणार. म्हणून तिथला नियम असा की, दाट वस्तीत असं काम करायचं तर आधी आराखडा मंजूर करून घ्यायचा, पोलिसांशी बोलून कामाशी संबंध नसलेल्यांना त्या जागेपासून दूर ठेवायचं, आणि मार्ग असा आखायचा की ओझं सोडावं लागलं तरी खाली कुणाला धोका होऊ नये. इमारतीचे वरचे मजलेही रिकामे करतात. शिकागोत यासाठी शनिवार-रविवारची सकाळ धरतात. कचेऱ्या बंद, रस्ते ओस. शिवाय पहाटेची हवा थंड, म्हणून दाट असते. पंख्याला तिच्यात पकड जास्त मिळते. इंधनसुद्धा मोजून भरतात, कारण तेही वजनच.

काम बघण्यासारखं असतं. पायलट खिडकीतून अर्धा बाहेर वाकून सरळ खाली बघत असतो. लांब दोराच्या टोकाला हुक. फिरत्या पंख्यामुळे हेलिकॉप्टरवर स्थिर वीज साठते, म्हणून हुक आधी जमिनीला टेकू देतात. उघडा हात लावला तर जबर झटका. छपरावरची माणसं लोंबती पेटी धरून तिच्या चौकटीवर नेमकी बसवतात, दोर सोडतात, आणि हेलिकॉप्टर पुढच्या पेटीकडे वळतं. एका खेपेला काही मिनिटं पुरतात. परतीच्या खेपेला जुनं, थकलेलं यंत्र खाली येतं.

आपल्याकडे यंत्राचे भाग सुटे करून, साखळीच्या कप्पीने, माणसांच्या खांद्यांवरून ते वर जाताना मी पाहिलं आहे. वर ओझं लोंबत असतं आणि खालून स्कूटर जात असते. कप्पीशी माझं भांडण नाही, स्कूटरशी आहे.

या तंत्राचा सर्वांत गाजलेला प्रयोग कॅनडातला. टोरांटोच्या ५५३ मीटर उंच सीएन टॉवरच्या टोकावर रेडिओ-टीव्हीच्या प्रक्षेपणाची अँटेना बसवायची होती. 'ओल्गा' नावाची स्कायक्रेन आणली. ९ मार्च १९७५ रोजी तिला पहिलं काम दिलं ते टोकावरची बांधकामाची क्रेन उतरवण्याचं. उचलताना क्रेनचा भाग तिरका झाला आणि त्याला धरणारे बोल्ट आवळले गेले. वर ओल्गा, खाली मनोरा, मध्ये अडकलेलं लोखंड, आणि इंधन मोजकंच. वरच्या कामगारांनी ते बोल्ट ज्योतीने कापले, तेव्हा ती सुटली. पुढे अँटेनाचे तिसाहून अधिक तुकडे तिने एकेक करून वर नेले. सहा महिन्यांचं धरलेलं काम साडेतीन आठवड्यांत झालं. २ एप्रिलला शेवटचा तुकडा बसला. तिच्या खेपांच्या वेळा तिथली वर्तमानपत्रं छापत, आणि लोक त्या वाचून बघायला येत.