विश्लेषण : पाळीव पोपटाचे वजन का वाढते? त्याला काय आणि किती खाऊ घालावे?

सूर्यफुलाच्या बिया, शेंगदाणे, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, दूध-पोळी आणि मधूनमधून चहात बुडवलेले बिस्कीट. बहुतेक घरांत पिंजऱ्यातल्या पाखराचा आहार असा असतो. पाखरू आवडीने खाते, म्हणून घरचेही आवडीने देतात. मात्र याच खाऊमुळे पाळीव पोपटांमध्ये लठ्ठपणा, यकृतात चरबी साठणे आणि जीवनसत्त्व 'अ'ची कमतरता हे आजार होतात. पिसांखाली वाढलेली चरबी दिसत नाही. त्यामुळे पक्षी दगावेपर्यंत अनेकांना काही कळत नाही. पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या वऱ्हाडात तर जाड पक्ष्याला धोका आणखी जास्त आहे.

कोणता पोपट पाळता येतो?

आहाराच्या आधी कायदा समजून घ्यायला हवा. आपल्या शेतात, पिंपळावर दिसणारा हिरवा राघू, खांद्यावर लाल पट्टा असलेला मोठा पहाडी पोपट, जांभळ्या डोक्याचा तुईया हे सारे भारतीय पोपट वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार संरक्षित आहेत. त्यांना पकडणे, विकणे, विकत घेणे आणि घरात पाळणे गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. 'पिल्लू झाडाखाली सापडले, म्हणून वाढवले' ही सबब चालत नाही.

घरात पाळता येतात ते परदेशी मूळ असलेले पक्षी. आपल्याकडे सर्रास 'लव्हबर्ड' म्हणून विकले जाणारे लहान रंगीत पक्षी प्रत्यक्षात बहुतेकदा ऑस्ट्रेलियातले बजरिगर असतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. याशिवाय कॉकटेल, सन कोन्युर, आफ्रिकन ग्रे हेही पाळले जातात. यातील कोन्युर, आफ्रिकन ग्रे, मकाव अशा आंतरराष्ट्रीय 'साइट्स' कराराच्या यादीतील पक्ष्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर करणे बंधनकारक आहे. बजरिगर आणि कॉकटेल या यादीत नाहीत.

घरात आधीच देशी राघू असेल तर त्याला गच्चीवरून उडवून देऊ नये. माणसाच्या हातचे खाऊन वाढलेल्या पक्ष्याला अन्न शोधता येत नाही. मांजर, कावळे आणि उपासमार यांत तो टिकत नाही. वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवून तो त्यांच्या ताब्यात देणे हाच योग्य मार्ग आहे.

वजन वाढते कशामुळे?

रानातला राघूही बिया, दाणे, फळे खातो आणि ज्वारीच्या कणसांवर तुटून पडतो. पण तो अन्नासाठी रोज काही किलोमीटर उडतो. शिवाय दाण्यांबरोबर कोवळी पाने, कळ्या, फुले असे नाना प्रकार खातो. पिंजऱ्यातल्या पाखरासमोर वाटी दिवसभर भरलेली असते आणि उडायला हातभर जागाही नसते.

त्यात वाटीतले दाणेही चरबीचे असतात. ज्वारीत १०० ग्रॅमला चार ग्रॅमपेक्षा कमी स्निग्धांश असतो, बाजरीत पाच ग्रॅमच्या आसपास. सोललेल्या सूर्यफुलाच्या बियांत आणि शेंगदाण्यात तो जवळपास निम्मा असतो. ९० ग्रॅमच्या कॉकटेलला दिवसाला ढोबळमानाने २५ ते ३० किलोकॅलरी पुरतात. पाच-सहा शेंगदाणे म्हणजे सुमारे तीन ग्रॅम, त्यातून १७ किलोकॅलरी मिळतात. आपल्या दृष्टीने चिमूटभर खाऊ, पण पक्ष्याची निम्म्याहून अधिक दिवसाची गरज त्यातच भागते. त्यावर भरलेली वाटी वेगळीच.

मिश्र दाणे दिले तरी प्रश्न सुटत नाही. पोपट वाटीतून आवडीचे तेवढेच वेचतो. सूर्यफूल आधी संपते, राळा आणि बाजरी तळाशी राहते. वाटी रिकामी दिसली की मालक ती पुन्हा भरतो. अनेकदा वर नुसती टरफले साचलेली असतात, ती फुंकून पाहावीत.

लठ्ठपणाने नेमके काय बिघडते?

चरबी सर्वात आधी यकृतात साठते. यकृत थकले की चोच वेडीवाकडी वाढते, चोचीवर आणि नखांवर काळपट डाग येतात. विष्ठेतला पांढरा भाग पिवळसर किंवा हिरवट होतो. बजरिगरला छातीवर, पोटावर चरबीच्या गाठी येतात. थोडे उडाल्यावर धाप लागते, श्वासागणिक शेपूट खालीवर हलते.

दुसरा प्रश्न कमतरतेचा. नुसत्या दाण्यांत जीवनसत्त्व 'अ' आणि कॅल्शियम फार कमी असते. म्हणजे पक्षी जाड असूनही कुपोषित असू शकतो. 'अ' कमी पडले की नाकपुड्या चोंदतात, तोंडात पांढरे चट्टे येतात, वारंवार जंतुसंसर्ग होतो. कॅल्शियम कमी पडले की मादीचे अंडे आत अडकू शकते. आफ्रिकन ग्रेला तर झटकेही येतात.

तिसरा प्रश्न उन्हाळ्याचा. पक्ष्यांना घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकत आणि पंख अंगापासून दूर धरून ते उष्णता बाहेर टाकतात. चरबीचा थर ही उष्णता आतच धरून ठेवतो. त्यामुळे एप्रिल-मेमधल्या अमरावती, अकोल्याच्या दुपारी सडसडीत पक्षी तग धरतो, तिथे जाड पक्षी कोलमडू शकतो.

वजन कसे ओळखावे?

डोळ्यांनी नाही, काट्याने. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काही शे रुपयांत मिळतो. सकाळी, विष्ठा झाल्यावर आणि दाणे देण्याआधी पक्ष्याला त्यावर बसवावे. बसत नसेल तर छोट्या डब्यात ठेवून डब्याचे वजन वजा करावे. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी वजन करून कॅलेंडरवर लिहावे.

प्रौढ पक्ष्यांची साधारण वजने अशी :
- बजरिगर : ३० ते ४० ग्रॅम
- लव्हबर्ड : ४५ ते ६० ग्रॅम
- कॉकटेल : ८० ते ११० ग्रॅम
- सन कोन्युर : १०० ते १२० ग्रॅम
- आफ्रिकन ग्रे : ४०० ते ५५० ग्रॅम

काही जातिवंत प्रदर्शनी बजरिगर यापेक्षा मोठे असतात. म्हणून आकड्याइतकेच छातीचे हाड तपासणे महत्त्वाचे. छातीच्या मधोमध बोटाने हळूच चाचपावे. हाड सुरीच्या धारेसारखे टोचले तर पक्षी रोड आहे. हाड लागते, पण दोन्ही बाजूंना मांस भरलेले आहे, तर ठीक. हाड शोधावे लागत असेल, दोन्ही बाजू वर येऊन मध्ये घळ पडली असेल, तर पक्षी लठ्ठ आहे.

कॉकटेलच्या वजनातला नऊ-दहा ग्रॅमचा फरक म्हणजे ६० किलोच्या माणसाचे सहा किलो. वाढ झाली तर आहार बदलावा. काही दिवसांत एवढी घट झाली तर थेट डॉक्टरांकडे जावे. आजार लपवणे हा पक्ष्यांचा स्वभाव आहे, तो काट्यावरच आधी दिसतो.

मग ताटात काय असावे?

पोषणमूल्ये एकत्र करून बनवलेल्या गोळ्या, म्हणजे 'पेलेट', हा मुख्य आहार चांगला मानला जातो. साधारण दोनतृतीयांश पेलेट, उरलेल्यात बहुतांश भाज्या आणि थोडे दाणे, असे प्रमाण ठेवता येते. बजरिगर आणि कॉकटेलसाठी दाण्यांचे प्रमाण थोडे जास्त चालते.

पेलेट मिळत नसतील किंवा परवडत नसतील तरी घरच्या वस्तूंनी बरेच साधते. दाण्यांमध्ये ज्वारी, बाजरी, राळा. मोड आलेले मूग. रोजच्या भाजीत गाजर, लाल भोपळा म्हणजे आपल्याकडचे कोहळे, शेवग्याचा पाला, मेथी, सांभार. हिरवी किंवा लाल मिरचीही चालते, कारण पक्ष्यांना तिचा तिखटपणा जाणवत नाही. पालक अधूनमधूनच द्यावा, त्यातील ऑक्झॅलेट कॅल्शियम शोषू देत नाही. संत्र्याची फोड, पेरू, पपई चाखण्यापुरती. फळांतली साखरही वजन वाढवते. कॅल्शियमसाठी दुकानात 'कटल बोन' म्हणून मिळणारा समुद्रफेण पिंजऱ्याला अडकवावा. सूर्यफूल आणि शेंगदाणे हातातून, बक्षीस म्हणून, एक-दोन दाणे. शेंगदाणा खवट किंवा बुरशी आलेला नको, त्यातले अफ्लाटॉक्सिन यकृतावरच घाव घालते.

भाजीवर फवारणी झालेली असते, म्हणून ती नीट धुवावी. भिजवलेली डाळ आणि चिरलेली भाजी उन्हाळ्यात तासाभरात उचलावी, ती लवकर आंबते.

पाणी हा वऱ्हाडातला वेगळा मुद्दा आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरला आहे. तिथल्या विहिरी-बोअरचे पाणी खारे असते. जास्तीचे मीठ पक्ष्याच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. घरात पिण्यासाठी जे गोडे पाणी भरले जाते, तेच त्यालाही द्यावे आणि दिवसातून दोनदा बदलावे.

काय अजिबात देऊ नये?

अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, मद्य, कांदा-लसूण, चिवडा-शेव असे खारट पदार्थ आणि सफरचंदाच्या बिया. पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही, त्यामुळे दूध-पोळी, दूध-भाकरही बंद. नॉनस्टिक भांडे जास्त तापल्यावर निघणारा वायू पोपटाला काही मिनिटांत मारू शकतो, म्हणून पिंजरा स्वयंपाकघरात नको.

आहार एकदम बदलला तर?

ही सर्वात मोठी चूक ठरते. दाण्यांवर वाढलेला पोपट पेलेटला अन्न म्हणून ओळखतच नाही. 'भूक लागली की खाईल' म्हणून दाणे बंद केले तर तो समोर भरलेली वाटी असूनही उपाशी मरू शकतो. आधीच यकृतात चरबी असलेल्या पक्ष्याला तर अचानक उपवास जीवघेणा ठरतो. म्हणून बदल चार ते आठ आठवड्यांत करावा. सकाळी भूक असताना नवे अन्न, संध्याकाळी मोजून दाणे. या काळात वजन रोज करावे आणि ते दहा टक्क्यांनी उतरले तर पूर्वीच्या आहाराकडे परतावे.

सोबत हालचाल हवी. बंद खोलीत, पंखा थांबवून आणि खिडक्या-आरसे झाकून रोज तासभर उडू द्यावे. दाणे कागदात गुंडाळून ठेवावेत. हंगामात फवारणी नसलेले ज्वारीचे कणीस टांगले, तर ते सोलण्यात त्याचा वेळही जातो आणि व्यायामही होतो.

उपचार कुठे?

अकोल्यात महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयेही आहेत. सर्वच पशुवैद्यक पक्षी तपासत नाहीत, त्यामुळे आधी फोन करून विचारावे. जाताना वजनाची नोंद आणि आठवडाभराच्या आहाराची यादी न्यावी, विष्ठेचा फोटोही मोबाइलमध्ये असू द्यावा.

नीट सांभाळले तर कॉकटेल १५ ते २० वर्षे, आफ्रिकन ग्रे ४० वर्षांहून अधिक जगू शकतो. त्याची सुरुवात आजपासून करता येईल : वाटीतले सूर्यफूल कमी करा आणि उद्या सकाळी त्याला काट्यावर बसवा.