लेकीच्या शेजारी रायफल धरताना

ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभे राहून पाखरे राखण्याचे काम आमच्या लहानपणी पोरांकडेच असे. गोफणीतला दगड कुठे पडणार, हे दहा वर्षांच्या पोरालाही नेमके कळे. म्हणून आमच्या धाकटीने 'मला नेमबाजी शिकायची' असा हट्ट धरला तेव्हा मला नवल वाटले नाही. साल होते २०२४. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्टला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले होते. वडील शिक्षक, आई गावच्या सरपंच. म्हणजे घर आपल्यासारखेच. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत तर २०१० सालीच जगज्जेत्या झाल्या होत्या.

तालुक्याच्या गावी दहा मीटरचा एक हॉल आहे. दर रविवारी स्कूटरवरून तिला तिथे नेऊ लागलो. दहा मीटर म्हणजे तेहतीस फूट. ऐकायला काहीच नाही. पण एअर रायफलच्या लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलीमीटर, खसखशीच्या दाण्याहून बारीक!

माझी नोकरी विस्तार अधिकाऱ्याची. तीस वर्षे दुसऱ्याच्या बांधावर उभे राहून 'असे करा, तसे करू नका' सांगण्यात गेली. ती खोड हॉलमध्येही सुटली नाही. पोरीच्या मागे उभा राहून मी प्रत्येक छर्‍याला बोलायचो आणि परतताना वाटभर हिशेब मांडायचो. ती सांगे, 'आज शंभरात नव्वद.' मी खूश. एके दिवशी तिच्या दप्तराच्या तळाशी लक्ष्याचे चुरगळलेले कागद सापडले. बेरीज केली तर ६८, ७२, ६५. विचारले तेव्हा मान खाली घालून म्हणाली, 'अप्पा, खरे सांगितले की तुम्ही घर येईपर्यंत थांबत नाही.'

त्या रात्री जेवण गोड लागले नाही. पोर खोटे बोलली याचा राग होताच, पण तिला खोटे बोलायला कुणी लावले, हे उघड होते.

पुढच्या रविवारी प्रशिक्षकांना सांगितले. ते हसले आणि म्हणाले, 'साहेब, एकदा तुम्हीच उचला रायफल.' उचलली. चार-साडेचार किलोचे ओझे, पण खांद्याला लावून उभे राहिल्यावर काळजाच्या ठोक्यासरशी नळी हलते. घोडा ओढायला जावे तर नेम सरकलेला! दहा छर्‍यांत माझे गुण ४१. धाकटी शेजारी उभी होती. हसली नाही. हळूच म्हणाली, 'अप्पा, थोडा श्वास सोडा, मग थांबा. सात-आठ सेकंदांत सुटला नाही तर रायफल खाली घ्या. ओढून ताणून मारू नका.' हे तिला येत होते, आणि मी मात्र मागून ओरडत होतो.

आता थोडे व्यवहाराचे. स्पर्धेची रायफल दीड-दोन लाखांच्या पुढे जाते. त्यासाठी कर्ज काढण्याची घाई करू नका; पहिले वर्षभर क्लबची चालते. घरी रायफलशिवायही काठी खांद्याला लावून भिंतीवरच्या ठिपक्यावर स्थिर उभे राहण्याचा सराव होतो. नळीचे तोंड सदैव लक्ष्याकडे, आणि नेम धरेपर्यंत बोट घोड्याबाहेर. यात पोर आणि बाप दोघांनाही माफी नाही. छर्रे शिशाचे असतात; फवारणीनंतर धुतो तसे हात साबणाने धुतल्याशिवाय शिदोरीला हात लावू नये. आणि पाखरांवर नेम धरून पाहण्याचा मोह पोरांना होतोच. तो पहिल्याच दिवशी मोडून काढावा. माळ्यावरची गोफण पाखरे उठवायला होती, मारायला नव्हे.

सध्या आम्ही दोघेही सराव करतो. ती पहिल्या लेनवर, मी दुसऱ्या. माझे गुण सत्तरीच्या वर जाईनात. गेल्या महिन्यात एका स्पर्धेत तिचा दिवस वाईट गेला. परतताना मी गप्प होतो. ओढ्याच्या पुलाशी आल्यावर तीच मागून बोलली, 'अप्पा, शेवटचे दहा बिघडले. डावा कोपर बरगडीवर टेकत नव्हता.' मी म्हटले, 'माझाही टेकत नाही. रविवारी दाखव.'