अध्यक्ष निवडणारे हात कोणाचे?

कर्णबधिर मुलांच्या कॉलेजचा प्रमुख ऐकू येणाराच का असावा? अमेरिकेतील तरुण-तरुणींनी १९८८ साली हा साधा प्रश्न विचारला. उत्तर मिळेना, तेव्हा त्यांनी कॉलेजची फाटके अडवली आणि आठ दिवसांत लढा जिंकला. हातात दगड नाही, पाठीशी पैसा नाही. होती ती एकजूट आणि हातांनी बोलली जाणारी त्यांची भाषा. हा लढा घराघरात सांगावा असा आहे.

वॉशिंग्टन शहरात गॅलाडेट नावाचे विद्यापीठ आहे. १८६४ साली राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्या सहीने या संस्थेला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. कर्णबधिरांच्या उच्च शिक्षणासाठी निघालेली ही जगातील पहिली संस्था. खुणांची भाषा ही तेथील रोजची भाषा. मुले त्याच भाषेत वाद घालतात, थट्टा करतात, नाटके करतात. १९८६ साली कॉलेजचे विद्यापीठ झाले. तिकडे अशा संस्थेच्या प्रमुखाला अध्यक्ष म्हणतात. आपल्याकडील प्राचार्य आणि कुलगुरू यांची कामे एकत्र केली तर जे पद होईल, तसे हे पद. संस्थेचा सारा कारभार त्याच्या देखरेखीखाली. पण त्याला नेमतो कोण? विश्वस्त मंडळ. आणि पाणी मुरत होते ते नेमके येथेच.

१८६४ ते १९८८ अशी १२४ वर्षे लोटली. हजारो पदवीधर बाहेर पडले. कोणी शिक्षक झाले, कोणी शाळांचे प्रमुख झाले. परंतु आपल्याच कॉलेजच्या अध्यक्षपदावर एकही कर्णबधिर माणूस बसला नव्हता. विश्वस्त मंडळात २१ सभासद होते. त्यांपैकी १७ ऐकू येणारे आणि कर्णबधिर अवघे ४. मंडळाच्या प्रमुख जेन स्पिलमन कित्येक वर्षे मंडळावर होत्या, तरी त्यांना खुणांची भाषा येत नव्हती. ज्यांच्या भवितव्याचा निर्णय घ्यायचा, त्यांच्याशी दोन शब्द बोलायलाही मध्ये दुभाषी लागत होता!

१९८७ साली अध्यक्ष जेरी ली यांनी पद सोडले आणि नव्या अध्यक्षाचा शोध सुरू झाला. शेवटच्या यादीत तीन नावे राहिली. लुईझियाना राज्यातील कर्णबधिरांच्या शाळेचे प्रमुख हार्वे कॉर्सन आणि गॅलाडेटमधीलच एक अधिष्ठाता किंग जॉर्डन हे दोघे कर्णबधिर. तिसऱ्या एलिझाबेथ झिन्सर. त्या उत्तर कॅरोलिनातील एका विद्यापीठात मोठ्या हुद्द्यावर होत्या. त्यांना ऐकू येत होते आणि खुणांची भाषा येत नव्हती. १ मार्च १९८८ रोजी मोठी सभा झाली आणि आता कर्णबधिर अध्यक्षच हवा अशी मागणी झाली. तरीही ६ मार्चच्या संध्याकाळी मंडळाने झिन्सरबाईंचे नाव जाहीर केले. मुलांना सांगायला मंडळातील कोणी समोर आले नाही. छापील पत्रकाचे कागद तेवढे हाती पडले. त्याच रात्री मुले मोर्चाने मंडळाच्या हॉटेलवर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यापीठाची फाटके अडवलेली होती.

चार मागण्या

ग्रेग ह्लिबोक, जेरी कोवेल, ब्रिजेटा बोर्न आणि टिम रॅरस हे चौघे विद्यार्थ्यांचे पुढारी. त्यांच्या मागण्या चार. पहिली, झिन्सर यांनी पद सोडावे आणि कर्णबधिर अध्यक्ष नेमावा. दुसरी, स्पिलमन यांनी राजीनामा द्यावा. तिसरी, विश्वस्त मंडळात किमान ५१ टक्के सभासद कर्णबधिर असावेत. चौथी, लढ्यात उतरलेल्या कोणावरही सूड उगवू नये.

वाचकहो, तिसरी मागणी नीट पाहा. एक खुर्ची मागून ही मुले थांबली नाहीत. खुर्चीवर कोणाला बसवायचे हे जे हात ठरवतात, त्या हातांत त्यांनी आपले बहुमत मागितले. आज आपला माणूस नेमला आणि उद्या मंडळाची मर्जी फिरली, तर त्याला घरी पाठवायला कितीसा वेळ लागतो? विशीतल्या पोरांना हे कळले होते.

७ मार्चला मंडळाने मागण्या फेटाळल्या. स्पिलमनबाई सभागृहात बोलायला आल्या. त्यांनी सुरुवात करण्याआधीच एक कर्णबधिर प्राध्यापक मंचावर चढले आणि मंडळाचा नकार त्यांनी खुणांनी सर्वांना सांगितला. सभा उठून चालू लागली. मध्येच आगीची घंटा वाजू लागली. एवढ्या गोंगाटात ऐकू येणे कठीण आहे, अशी तक्रार बाईंनी केली. त्यावर मुलांचे म्हणणे एवढेच होते की कसला गोंगाट? तुम्हाला खुणांची भाषा येत असती, तर तुमचे म्हणणे आम्हाला कळले असते!

हळूहळू प्राध्यापक, कर्मचारी, माजी विद्यार्थी असे सारे पाठीशी आले. दूरदर्शनच्या पडद्यावरून बातमी देशभर गेली. १० मार्चला झिन्सरबाईंनी राजीनामा दिला. मग विजय झाला म्हणून मुले घरी गेली काय? मुळीच नाही. त्यांनी छातीवर 'साडेतीन' असे आकडे लिहिलेले बिल्ले लावले. चारपैकी अर्धी मागणी पदरात पडली, साडेतीन बाकी आहेत, हा त्याचा अर्थ. ११ मार्चला संसदेवर मोठा मोर्चा निघाला. १३ मार्चला स्पिलमन यांनी पद सोडले आणि मंडळाच्या प्रमुखपदी फिल ब्रॅविन हे कर्णबधिर सभासद आले. किंग जॉर्डन अध्यक्ष झाले. मंडळात कर्णबधिरांचे बहुमत करण्याचे ठरले. कोणावरही कारवाई न करण्याचे वचनही मिळाले.

जॉर्डन यांना जन्मापासून बहिरेपण नव्हते. २१ व्या वर्षी मोटारसायकलच्या अपघातात त्यांचे ऐकू येणे गेले. आठवड्याच्या मध्यावर त्यांनी झिन्सर यांना जाहीर पाठिंबा दिला होता आणि दुसऱ्याच दिवशी तो मागे घेऊन ते मुलांच्या बाजूला आले. संस्थेत नोकरी करणाऱ्या माणसाची ओढाताण यावरून कळते. मुलांनी फाटके धरून ठेवली नसती, तर त्यांना तरी ती जागा मिळाली असती काय?

आपला माणूस, पण कोणी निवडला?

ही कथा १९८८ मध्ये संपत नाही. २००६ साली जॉर्डन निवृत्त होणार म्हणून मंडळाने जेन फर्नांडिस यांची निवड केली. त्या स्वतः जन्मापासून कर्णबधिर. तरीही विद्यापीठ पुन्हा पेटले. निवडीची रीत स्वच्छ नव्हती, प्राध्यापकांचा आणि मुलांचा विश्वास नव्हता, एका कृष्णवर्णीय कर्णबधिर विद्वानाला शेवटच्या यादीत घेतले नाही, असे आक्षेप होते. हा शेवटचा आक्षेप उगीच नव्हता. याच संस्थेतून अँड्र्यू फॉस्टर हा पहिला कृष्णवर्णीय पदवीधर बाहेर पडला तो १९५४ साली. संस्था सुरू झाल्यावर तब्बल ९० वर्षांनी! सोसलेल्या समाजातही कोणीतरी आणखी खाली ढकलला जातो, हे विसरून चालत नाही. ऑक्टोबर २००६ मध्ये एका रात्रीत शंभराहून अधिक आंदोलकांना अटक झाली. महिनाअखेरीस मंडळाला नेमणूक मागे घ्यावी लागली. पुढे २०१६ साली रॉबर्टा कोर्डानो या कर्णबधिर बाई अध्यक्ष झाल्या.

दोन्ही लढे एकत्र ठेवून पाहिले तर बोध स्पष्ट होतो. अध्यक्ष आपल्यातला हवा, हे पहिले पाऊल. त्याला निवडणाऱ्यांत आपले बहुमत हवे, हे दुसरे. आणि मंडळात आपलीच माणसे असली तरी निवड सर्वांसमोर, सर्वांचे ऐकून झाली पाहिजे, हे तिसरे. पहिल्या पावलावर जल्लोष करून थांबणारा समाज पुन्हा फसतो.

आपल्या मुलांच्या शाळेचेच पाहा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती आली. तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कायदा सांगतो. आपल्या वस्तीतील किती आयाबहिणींना हे ठाऊक आहे? सभेला गेले तर अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते, हे खरे. पण आपण गेलो नाही तर आपल्या जागी दुसऱ्याचा हात वर होतो. म्हणून सभेची तारीख विचारा. घरातून एकाने तरी जा. आणि ठराव वाचून दाखवल्याशिवाय त्यावर सही करू नका.